वर पांढरा, खाली पळस

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावाहून पत्र आलं आहे. लिहिणारी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. दिवस मे महिन्यात भरतात. ज्या खोलीत परवापर्यंत कापसाचा ढीग होता तीच आता बाळंतिणीची खोली होणार आहे. नवऱ्यानं अमरावतीहून दोन पांढरेशुभ्र पडदे आणून दिले. सात फुटी, बिननक्षीचे. खिडकी एकच, मावळतीकडे. ती लिहिते: "ताई, खोली दवाखान्यासारखी दिसते. आजी तर पडदे पाहूनच म्हणाली, 'पांढरं काऊन लावता वं बाळंतिणीच्या खोलीत?' मला वाटतं, हळदीत नाहीतर पळसाच्या फुलात दोन्ही पडदे पूर्ण पिवळे करून टाकावेत. मामा परतवाड्याकडून फुलं आणून देतो म्हणाला आहे. रंग टिकेल का? बाळाला त्रास तर होणार नाही?"

पोरी, पळस फुललेला असताना हा प्रश्न सुचला, म्हणजे अर्धं काम झालं. पण पूर्ण पिवळे नको करू. रंग टिकण्या-न टिकण्याचं पुढे सांगते, आधी दुसरं एक कारण सांगते. ते ऐकलंस की आजीलाही पटेल.

नव्या बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसणं ही नेहमीची गोष्ट. बहुतेकांची आपोआप उतरते, काहींची वाढते. वाढली की नाही हे घरच्या माणसांना कळतं ते फक्त डोळ्यांनी. बाळाच्या कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर बोट हलकंच दाबायचं, उचलायचं आणि खालची कातडी पिवळी दिसते का ते पाहायचं. हे पाहायला साधा, पांढरा, दिवसाचा उजेड लागतो. आता विचार कर. एकुलती एक खिडकी, तिच्यावर पिवळाधमक पडदा, आणि दुपारी चारचं ऊन त्यातून गाळून आत येतंय. त्या खोलीत निरोगी बाळही पिवळं दिसेल आणि खरंच पिवळं झालेलं बाळ "उजेडच तसा आहे" म्हणून दुर्लक्षात जाईल. दुसरी चूक जास्त वाईट.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या आल्या की पडदा पूर्ण बाजूला सार, बाळ खिडकीजवळ घे आणि मग दाखव. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे वाटले, किंवा बाळ सुस्त पडलं आणि अंगावर प्यायला मागेना, तर आशाताईची वाट पाहायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल" यावर विसंबून मे महिन्यात बाळाला अंगणात नेऊ नको. आपल्याकडे त्या दिवसांत कोवळं ऊन सकाळी सातलाच संपतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की पडद्याचा वरचा भाग पांढराच राहू दे. पांढरं कापड ऊन परतवतं, खोली कमी तापते, उजेड खरा येतो. रंग फक्त खालच्या दीड फुटात. वर पांढरा, खाली पळस. बुडवल्यावर मधली रेघ नीट विरघळली तर फार देखणं दिसतं, फाल्गुनात रानाकडे पाहिल्यासारखं.

बाळाचं म्हणशील तर पहिले काही आठवडे त्याला पडदा दिसतच नाही. त्याची नजर वीतभर, फार तर फूटभर, म्हणजे पाजताना तुझा चेहरा जितका लांब असतो तेवढीच ठरते. तेव्हा हे पडदे तुझ्यासाठी आहेत. चाळीस दिवस त्या भिंतींकडे तूच बघणार आहेस. त्यात वावगं काही नाही, फक्त ते कबूल करून काम कर.

आता पहिली गोष्ट: कापड सुती आहे का? दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पडद्याच्या आतल्या शिवणीतून आडवा एक आणि उभा एक, असे दोन धागे ओढून काढ. चिमट्यात धरून मेणबत्तीवर ने. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, मागे मऊ करडी राख. पॉलिस्टर जळण्याआधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. दोन्ही धागे तपास, कारण उभा सुती आणि आडवा पॉलिस्टर असंही असतं. मणी निघाला तर पळस विसर. पॉलिस्टरला रंग पाजायला दाबाखालचं, उकळत्याहूनही गरम पाणी लागतं, ते चुलीवर होत नाही. शिवाय बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी येणारच. पॉलिस्टर ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतं. तसा पडदा निघाला तर तो बाहेरच्या खोलीत लावा आणि इथे जुन्या सुती धोतराचा पडदा करा. आणि शेगडी सुती पडद्यापासूनही लांबच. दार-खिडकी बंद करून कोळसा पेटवायचा नाही, हे तुझ्या आईला माझ्या नावानं सांग.

समजा सुती निघालं. मग कापायच्या आधी धू. नव्या कापडाला खळ असते, ती असेतो रंग वरवर बसतो. मोठ्या भांड्यात पाणी, थोडा साबण आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा, मग दोन-तीन पाण्यांतून काढा. वाळल्यावर कापडावर पाण्याचा एक थेंब टाक. लगेच शोषला तर खळ गेली, मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. या धुण्यात सात फुटी पडदा तीन-चार इंच आटेल. दुकानातून आणून तसाच कापला असतास तर आखूड झाला असता.

आता काप. सात फुटी पडदा दाराचा असतो, तुला खिडकीचा हवा आहे. खिडकीच्या चौकटीखाली वीतभर येईल एवढाच ठेव. जमिनीपर्यंत लोळणारा पडदा आठव्या महिन्यात बाळाच्या तोंडात जातो, आणि रंग नेमका तिथेच असतो. कापून साधारण दोन-दोन फुटांचे तुकडे उरतील. ते फेकू नको, ते तुझी पाटी आहेत. सगळा प्रयोग आधी त्यांच्यावर.

आणखी एक उपयोग. दोन्ही तुकडे किराणा दुकानात किंवा दूध डेअरीत नेऊन तोलून आण. समजा मिळून ३२० ग्रॅम भरले. दोन फुटांचे एवढे, तर बुडवायच्या दीड फुटाचे त्याच्या पाऊणपट, २४० ग्रॅम, म्हणजे धर पाव किलो. सगळी मापं या पाव किलोवर: हिरड्याची पूड ५० ग्रॅम, तुरटी ४० ग्रॅम, वाळलेली पळसफुलं पाव किलो, पाणी सहा-सात लिटर. तुकडे रंगवतानाही हाच हिशेब, फक्त त्यांच्या वजनानं.

हिरडा कशाला, असं विचारशील. सूत रंगाला सहज धरत नाही. हिरड्यातला तुरट अंश सुताला धरतो, तुरटी त्याला धरते आणि रंग तुरटीला. ही साखळी आहे, मधली कडी गाळली की पहिल्या पावसाळ्यात पडदा पुन्हा पांढरा. कोमट पाण्यात हिरडापूड कालवून गाळून घ्यायची, पडद्याचा खालचा भाग त्यात रात्रभर, सकाळी पिळून न धुता सावलीत वाळवायचा. थोडा लोण्यासारखा पिवळसर होतो, होऊ दे. मग तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तीन-चार तास. पुन्हा पिळून एका पाण्यातून काढायचा.

आणि इथे तुमच्या गावची अडचण येते. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं, जड. त्यात तुरटी टाकली की ती कापडात शिरायच्या आधी पाण्यातच फुटते आणि पांढरा गाळ होऊन बसते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं ना, तेच. मग तू म्हणशील रंग चढला नाही, आणि दोष पळसाला. तेव्हा या कामाला नळाचं, धरणातून येणारं प्यायचं पाणी वापर. दोन घागरी जास्त लागतील. धुवायला खारं चालेल, पण शेवटचं पाणी गोडंच हवं.

भांडं स्टीलचं, किंवा टवके न उडालेलं इनॅमलचं. लोखंडी अजिबात नाही. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. माझी धाकटी पोटात असताना मीही असाच उत्साह केला होता. घरात मोठं असं एकच भांडं, आजेसासूची लोखंडी कढई. हिरड्यात भिजवलेली चादर तिच्यात घातली आणि पाहता पाहता ती पावसाळी ढगासारखी करडी झाली, कडांना काळी. हिरडा आणि लोखंड भेटले की काळंच होणार, जुनी शाई याच मेळातून व्हायची. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ती चादर बारशाला कुणाला दिसू नये म्हणून त्यांनीच घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. त्यावर पोरगी पुढे दोन वर्षं झोपली, ती गोष्ट वेगळी.

भांड्यावरून आठवलं. शेतकऱ्याच्या घरात मोठं रिकामं भांडं म्हणजे फवारणीचा ड्रम किंवा औषधाचा डबा. कितीही विसळला तरी तो या कामाला नको, कुठल्याच घरकामाला नको. आणि त्या कापसाच्या खोलीत कोपऱ्यात, माळ्यावर औषधाच्या बाटल्या, उरलेलं सरकीचं बियाणं असेल तर आजच बाहेर काढायला लाव. कापूस घरात साठवला की अंगाला खाज सुटते हे तुम्हाला मी काय सांगणार. भिंती झाडून, चुना मारून, फरशी दोनदा धुऊन खोली महिनाभर उघडी राहू दे. पडद्यांपेक्षा हे आधी.

बरं, पळस. मामाला सांग, झाडाखाली पडलेली ताजी फुलं वेचायची, फांद्या मोडायच्या नाहीत. देठाशी जी मखमली काळपट टोपी असते ती काढून टाकायची, नाहीतर रंग मळकट येतो. केशरी पाकळ्या सावलीत वाळवायच्या. आदल्या रात्री भिजत घालून सकाळी तासभर मंद उकळायच्या, गाळायच्या. पाणी काळसर नारिंगी दिसेल, कापडावर मात्र पिवळाच उतरतो. चिमूटभर सोडा पडला की तो केशरीकडे झुकतो. तो झुकाव कापलेल्या तुकड्यावर आधी बघ, काहींना आवडतो, मला नाही.

पडदा बुडवायच्या आधी वरपासून खालपर्यंत साध्या पाण्यानं ओला कर. कोरडं कापड रंग वर ओढतं आणि जिथे थांबेल तिथे करकरीत रेघ मारतं, जणू पुराच्या पाण्याची खूण. ओलं असलं की रंग वर चढता चढता पातळ होतो. पडदा काठीवर घालून दोघांनी दोन टोकं धरायची, खालचा भाग रंगात सोडायचा आणि खाली-वर हलवत राहायचं. एक क्षण थांबलात की तिथे रेघ. आधी दीड फूट बुडवा, पाच मिनिटांनी थोडा वर घ्या, मग आणखी थोडा. सगळ्यात खालची वीत पाऊण तास गरम रंगात राहिली पाहिजे. अशानं खाली गडद आणि वर जाताना विरत गेलेला रंग येतो. भावाला आणि वहिनीला लाव या कामाला. तू बाजेवर बसून हुकूम सोड. उकळत्या पाण्याचं भांडं उचलणं, हिरडापूड किंवा सोड्याची धूळ नाकात घेणं, हे तुझ्या दिवसांत नाही.

सावलीत वाळवा. दोन दिवसांनी साध्या साबणात धुवा, पाणी रंगीत येणं थांबेपर्यंत. मग पांढरा हातरुमाल ओला करून रंगलेल्या भागावर जोरात घास. रुमाल पांढरा राहिला तर पडदा खिडकीला, नाही राहिला तर पुन्हा धुणं. मिठात भिजवलं की कुठलाही रंग पक्का होतो असं शेजारच्या काकू सांगतील. ऐकून घे. वर सांगितलेली साखळी नसेल तर मीठ, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही उडणारा रंग धरून ठेवत नाही.

हळदीचं मात्र नको. हळद सूत लगेच धरते म्हणून मोह होतो, पण उन्हाला ती अजिबात तग धरत नाही. मावळतीच्या खिडकीत मे महिन्याचं ऊन, पंधरा दिवसांत डागाळल्यासारखी दिसेल. पळसही अमर नाही, दोन उन्हाळ्यांत फिकटेल, पण सावकाश आणि सारखा. आणि किराणा दुकानातली सुटी रंगाची पुडी, होळीचे उरलेले रंग, हे तर नकोच. त्यात काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं. कापडाच्या काही अ‍ॅझो रंगांवर, म्हणजे एका जातीच्या रासायनिक रंगांवर, सरकारनं १९९७ सालीच बंदी घातली आहे, पण सुट्या पुडीवर काही लिहिलेलंच नसतं तर तपासायचं काय?

हे सगळं जड वाटलं तर सोपे दोन मार्ग आहेत. पहिला: भेंडी. जून भेंडी आडवी काप, देठाकडचा तुकडा हातात धर, कापडाच्या रंगात, म्हणजे फॅब्रिक पेंटमध्ये, टेकव आणि पडद्याच्या खालच्या कडेला उमटव. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, मध्ये बियांचे ठिपके. एक भेंडी सात-आठ ठशांनंतर मऊ पडते, दुसरी घ्यायची. भाऊबहिणींची पोरं हे काम हसत करतील, आणि ठसे वाकडे पडले तर अधिक छान. वाळल्यावर उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरव आणि वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन आठवडे पडदे वाऱ्यावर राहू दे.

दुसरा मार्ग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि तो आजीच्या पेटीत आहे. तिच्या जुन्या सुती लुगड्याचा काठ. लुगडं विरलं तरी काठ शाबूत असतो. तो उसवून, धुऊन, पडद्याच्या खाली शिवायचा. लाल काठ असेल तर आधी ओल्या रुमालाची तीच परीक्षा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा गुलाबी. करवती काठाची जुनी साडी असेल तर तिला हात लावू नको. ते टसर, म्हणजे रेशीम आहे, सुती पडद्याबरोबर धुतलं की वेगळं आटतं आणि शिवण चुरगळते. टिकल्या, मणी, जरतार, काहीच नको, कारण सुटलेला मणी बाळाच्या तोंडात जातो. पडदा बांधायची दोरीही बाळाच्या हाती लागेल अशी लोंबती ठेवायची नाही, आणि पाळणा खिडकीपासून दोन हात लांब.

यातलं काहीच जमणार नसेल आणि नवरा कधी वर्ध्याकडे जाणार असेल तर मगन संग्रहालयात डोकावायला सांग. १९३८ पासूनची जागा आहे, नैसर्गिक रंगातली खादी तिथे पाहायला मिळते. कुठला पिवळा पळसाचा आणि कुठला डाळिंबाच्या सालीचा, हे डोळ्यांनी पाहून येईल.

आणि हो, कूलर त्याच खिडकीत बसवणार असाल तर पडदा तिथे लावूच नका. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे पडून आठवड्यात पांढरे चट्टे उठतील. कूलर दारात घ्या.

आता राहिली आजी. तिला पांढऱ्याची अडचण नाही, कोऱ्याची आहे. आपल्याकडे कोरं कापड अंगावर घ्यायच्या आधी कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात, ते या पडद्यांना कुणी लावलं नाही, एवढंच. बाळ यायच्या आधी फार तयारी करू नये असंही ती म्हणाली असेल, तर पडदे रंगवून घडी करून ठेव आणि तू दवाखान्यात असताना ते लावायचं काम तिच्याकडे दे. वरच्या कोपऱ्यात, जिथे दांडीची चुणी पडते आणि कुणाला दिसत नाही, तिथे तिच्या हातानं हळदीचं बोट. पहिल्यांदा साबणात धुशील तेव्हा ते लालभडक होईल, घाबरू नको, हळद साबणाला तशीच लाजते. पाण्यातून काढलं की पुन्हा पिवळं, आणि जूनपर्यंत उन्हानं उडूनही गेलेलं असेल.